चौकशीची खिडकी

खिडकीमागे माणूस असणं वेगळं आणि खिडकीमागे उत्तर असणं वेगळं, हा फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. 'चौकशी' अशी पाटी लावलेल्या खिडकीपुढे ज्यानं आयुष्यातला अर्धा तास घालवला आहे त्याला ठाऊक असतं, की आतला गृहस्थ आपल्याइतकाच अजाण आहे. त्याला बसायला खुर्ची आहे, एवढंच काय ते अंतर. गाडी कधी येईल असं विचारलं की तो 'येईल' म्हणतो. आणि नाही आली तर? 'मग उशिरा येईल.' ह्यात खोटं काहीच नाही. पण उपयोगाचंही काही नाही.

माझं म्हणणं असं, की जगातल्या मोठमोठ्या व्हिडिओ गेम कंपन्यांनी अमाप पैसा ओतून शेवटी हीच खिडकी बांधली आहे. तिच्यामागे बसणाऱ्याला ते 'कम्युनिटी मॅनेजर' म्हणतात. नावात मॅनेजर आहे, पण मॅनेज करण्यासारखं त्याच्या हातात काही नसतं. गेममध्ये काय बदलायचं हे तो ठरवत नाही, कधी बदलायचं हे त्याला सांगत नाहीत, आणि का बदललं हे सांगायची त्याला परवानगी नसते. उरलं काय, तर शिव्या खाणं! ते काम मात्र पूर्ण अधिकारानं त्याच्याकडे सोपवलेलं असतं.

आता ज्यांना गेम म्हटलं की अजून पत्ते नि कॅरमच आठवतात, त्यांच्यासाठी चार शब्द. पूर्वी गेम विकत घेतला की व्यवहार संपला. लाडवांचा डबा घेतल्यासारखं. कडक निघाले तर दात आपले. आता तसं राहिलेलं नाही. आता विकून झाल्यावरही करणारे तो गेम वर्षानुवर्षं बदलत बसतात. कालपर्यंत जी तलवार राक्षसाला एका घावात लोळवत होती ती आज सकाळी दुधीभोपळा चिरायच्या लायकीची उरलेली असते, कारण रात्री 'अपडेट' आलं. म्हणजे हे मिठाईचं दुकान नव्हे, ही खाणावळ आहे. पैसे आगाऊ भरलेले, गिऱ्हाईक रोज पानावर बसणार, आणि आमटी रोज बदलणार. अशा खाणावळीच्या मालकानं गिऱ्हाइकांशी अवाक्षर बोलायचं नाही असं ठरवलं तर काय होईल? वाटीत डोकावणारा प्रत्येक जण संशोधक होईल. आणि मग डाळ पातळ का झाली ह्याबद्दल दुपारपर्यंत सतरा सिद्धान्त तयार होतील, त्यांतले सोळा मालकाच्या चारित्र्याविषयी असतील.

माझा भाचा अशाच एका खाणावळीचा मेंबर आहे. आमचे आजोबा ज्या गांभीर्यानं पंचांग वाचत, त्या गांभीर्यानं तो अपडेटची टिपणं वाचतो. कोणाचं बळ वाढलं, कोणाचं घटलं, कोण वक्री झालं, कोणाला साडेसाती लागली. मग तो जगभरच्या आपल्यासारख्याच सज्जनांशी मध्यरात्रीपर्यंत त्यावर वाद घालतो. एकदा मी त्याला विचारलं, "अरे, हे कंपनीलाच का विचारत नाहीस?" तर तो माझ्याकडे अशा दयेनं पाहू लागला, की मी जणू कॉर्पोरेशनला पत्र लिहून नळाला पाणी आणायला निघालो आहे.

"विचारलं होतं मामा. ते म्हणाले, 'तुमचा अभिप्राय आम्ही टीमपर्यंत पोचवला आहे.'"

"मग?"

"मग काय? टीमपर्यंत पोचला."

हे 'टीमपर्यंत पोचवणं' म्हणजे निर्माल्य नदीत सोडणं आहे. सोडणाऱ्याला पुण्य लागतं. नदी काही उलटून उत्तर देत नाही.

खिडकीचा पहिला दोष म्हणजे तिची भाषा. सांगण्यासारखं काही नसताना सांगितल्यासारखं वाटावं म्हणून जी भाषा जन्माला आली तिला निवेदन म्हणतात. तिचा जगप्रसिद्ध नमुना २०१७ च्या नोव्हेंबरात पाहायला मिळाला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या अमेरिकन कंपनीचा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' बाजारात येऊ घातला होता. पूर्ण पैसे मोजून गेम घ्यायचा, आणि त्यातला डार्थ व्हेडर, म्हणजे त्या रामायणातला रावणच म्हणा ना, तो मात्र कुलपात! कुलूप उघडायला गेममधली साठ हजार क्रेडिट्स. खेळणाऱ्यांनी हिशेब मांडला, तो निघाला सुमारे ४० तासांचा. साहजिकच रेडिटवर लोकांनी जाब विचारला. कंपनीच्या खात्यावरून उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा, की पात्रं कष्टानं मिळवल्याचा अभिमान आणि काहीतरी साध्य केल्याचं समाधान खेळाडूंना लाभावं हाच आमचा हेतू आहे.

म्हणजे हॉटेलात मसाला डोसा मागवावा, डोसा यावा, आत भाजी नसावी, आणि वेटरनं अदबीनं सांगावं, "साहेब, भटारखान्यात जाऊन स्वतः बटाटे सोललेत तर जो आनंद मिळेल, तो तुमच्यापासून हिरावून घेणं आमच्या तत्त्वात बसत नाही."

ह्या एका उत्तराला साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीची मतं पडली आणि गिनीजच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. मग भराभर सगळं सुचलं. साठ हजारांचे पंधरा हजार झाले. गेम बाजारात येता येता खरे पैसे टाकून आतली सामग्री घेण्याची सोयही कंपनीनं काढून घेतली. आता मला सांगा, जे चार दिवसांनी करता आलं ते चार दिवस आधी का सुचू नये? कारण उत्तर लिहिणाऱ्याच्या हातात किंमत नव्हती, फक्त शब्द होते. प्रश्न पैशांचा होता. त्यानं त्याला अध्यात्मात उत्तर दिलं. बिचाऱ्याकडे तेवढंच शिल्लक होतं.

दुसरा दोष म्हणजे समोर कोण बसलंय ह्याचा विसर. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१८ च्या नोव्हेंबरात, ब्लिझर्ड कंपनीनं कॅलिफोर्नियात अॅनाहाइमला आपला वार्षिक मेळावा भरवला. तिकीट काढून आलेली ही माणसं. 'डायब्लो' ह्या गेमपायी कॉम्प्युटरसमोर बसून ज्यांनी वीस वीस वर्षं माउस झिजवले, असे वारकरी. त्यांना वाटलं, आता पुढचा मोठा गेम जाहीर होणार. जाहीर झाला तो मोबाइल फोनवर खेळायचा 'डायब्लो इम्मॉर्टल'. कोणीतरी विचारलं, हा कॉम्प्युटरवर येणार का? तसा बेत नाही, असं उत्तर मिळताच सभागृहातून नाराजीचे सूर उठले. त्यावर व्यासपीठावरच्या डिझायनरनं लोकांनाच उलट विचारलं, की का, तुमच्याकडे फोन नाहीत?

अहो, आहेत की! प्रश्न फोनचा नव्हताच. रात्रभर बैठकीच्या गाण्यासाठी तळमळत बसलेल्या श्रोत्यांना हार्मोनियमवर सिनेमातलं गाणं वाजवून दाखवावं, आणि लोक कुरकुरले तर 'का, तुम्हाला कान नाहीत?' असं विचारावं, त्यातला हा प्रकार. आणि गंमत पाहा, २०२२ च्या जूनमध्ये तो गेम आला तेव्हा फोनच्या जोडीला कॉम्प्युटरवरही आला. साडेतीन वर्षांपूर्वी ज्यानं भर सभेत तो प्रश्न विचारला होता त्याला घरी पेढे पाठवायला हवे होते. पाठवले असं ऐकिवात नाही.

तिसरा दोष लपवाछपवीचा. आमच्याकडे पूर्वी स्थळ दाखवताना धाकट्याला पुढे करायचे आणि बोहल्यावर थोरला उभा राहायचा, तशी गोष्ट. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी परीक्षकांच्या हाती जो गेम दिला होता तो तगड्या कॉम्प्युटरवरचा. जुन्या प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर तो कसा धापा टाकतो, हे गेम विकला जाईपर्यंत कोणाला दिसलंच नाही. आठवड्याभरात सोनीनं आपल्या दुकानातून तो काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. जानेवारीत कंपनीच्या एका संस्थापकानं व्हिडिओवर येऊन चूक मान्य केली. पुढं कंपनीनं कसून काम केलं आणि २०२३ पर्यंत गेम नावारूपाला आणला, हे मी मोकळ्या मनानं सांगतो. पण डिसेंबरात ज्यानं पैसे भरले त्याला नांदायला थोरलाच मिळाला, त्याचं काय?

इथं मौनवादी पक्षाचे लोक उठतात. त्यांचं म्हणणं, बोलण्यानंच घोटाळे होतात. तोंड बंद ठेवा, काम करा. आणि ते दाखला देतात 'नो मॅन्स स्काय'चा. इंग्लंडमधल्या हॅलो गेम्स नावाच्या इवल्याशा कंपनीनं हा गेम २०१६ च्या ऑगस्टमध्ये काढला. त्यात ग्रह किती? अठरावर अठरा शून्यं दिली तरी पुरत नाहीत इतके. त्याआधीच्या मुलाखतींतून प्रमुख शॉन मरे ह्यांनी भरभरून सांगितलं होतं. खेळाडू एकमेकांना भेटू शकतील का? हो, पण विश्व एवढं मोठं की भेटण्याची शक्यता फार थोडी. झालं! पहिल्याच दिवशी दोघे पठ्ठे ठरवून एका ग्रहावर एका जागी जाऊन उभे राहिले. एकालाही दुसरा दिसेना. अठरावर अठरा शून्यांच्या आड लपलेली थाप दोन माणसांनी एका दिवसात उघडी पाडली.

मग कंपनीनं जवळपास मौनव्रत धरलं. नोव्हेंबरात पहिलं मोठं अपडेट आलं, मग दुसरं, तिसरं. २०१८ साली खेळाडू एकमेकांना पुरते दिसू लागले. सगळी अपडेट्स फुकट. २०२४ पर्यंत स्टीमवरच्या एकूण मतांचा काटा 'फारच छान'वर जाऊन पोचला. मौनवादी म्हणतात, "बघा! बोलले तेव्हा फजिती, गप्प बसले तेव्हा कीर्ती."

हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण त्यात एक भोक आहे. लोकांनी माफ केलं ते मौनाला नव्हे, वर्षानुवर्षं केलेल्या फुकट कामाला. बंद दाराआड तपस्वी बसलाय की घोरत पडलाय, हे बाहेरून सारखंच दिसतं. तपस्वी बाहेर आला तर आपण त्याच्या मौनाचं कौतुक करतो. घोरणाऱ्यांच्या मौनाचं चरित्र कोणी लिहीत नाही, म्हणून मौनाची सरासरी चांगली दिसते. आणि बोलण्यातही मरे ह्यांचा दोष बोलले हा नव्हता; जे अजून झालं नव्हतं ते झाल्यासारखं बोलले, हा होता. त्यावर औषध जीभ कापणं नव्हे. 'हे अजून झालेलं नाही' हे चार शब्द शिकणं, एवढंच.

आता खेळाडूंकडे वळतो, कारण एका बाजूलाच झोडपलं तर भाचा खूश होईल आणि ते मला नको आहे. ह्याच गेमची तारीख २०१६ च्या जूनवरून ऑगस्टवर गेली तेव्हा मरे ह्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. सात आठवड्यांसाठी! आमच्या गावचा पूल अकरा वर्षं होतोय, पण कंत्राटदाराला कोणी साधं 'अहो' म्हटलेलं नाही. ज्या माणसाला गेमला उशीर झाला म्हणून खून सुचतो त्याला गेमची नव्हे, उपचारांची गरज आहे. आणि त्याला खाणावळीतून बाहेर काढून पोलिसांच्या हवाली करायला माझी ना नाही. मात्र कंपन्या काय करतात? त्या एकाकडे बोट दाखवून सगळ्यांपुढं खिडकी लावून घेतात. "लोक असे वागतात, मग आम्ही बोलायचं कशाला?" म्हणजे एका गिऱ्हाइकानं ताट फेकलं म्हणून बाकीच्या दोनशेंची भाजी बंद. आणि तो फेकणारा? तो फेकतच राहतो, कारण आवाज करण्यासाठी त्याला उत्तराची गरज लागत नाही. ज्याला उत्तर हवं होतं तो गरीब मात्र निघून जातो.

शिवाय ताट कोणाला लागतं, हेही पाहा. भाव ठरवणारे, तारखा ठरवणारे वरच्या मजल्यावर असतात. ताट लागतं खिडकीतल्या पोराला किंवा पोरीला. निर्णय एकाचा, टेंगूळ दुसऱ्याला! ही अव्यवस्था नव्हे, ही व्यवस्था आहे. खिडकी तेवढ्याचसाठी बांधलेली असते, आणि माझा खरा राग तिच्यावर आहे.

"मग काय सगळ्या साहेबांनी येऊन खिडकीत बसायचं?" असं कोणी विचारेल. हो! बसतात. जपानच्या स्क्वेअर एनिक्सचा 'फायनल फँटसी १४' २०१० साली आला आणि सपशेल पडला. डिसेंबरात कंपनीनं नाओकी योशिदा ह्यांच्या हाती तो दिला. त्यांनी काय करावं? खेळाडूंना जाहीर पत्रं लिहायला सुरुवात केली. काय बिघडलं, काय टाकून देणार, काय नव्यानं बांधणार. पुढं ते कॅमेऱ्यापुढं बसून तासन्‌तास प्रश्नांची उत्तरं देऊ लागले. जुना गेम नोव्हेंबर २०१२ मध्ये गुंडाळला, तोही आकाशातला चंद्र पाडून, समारंभानं. ऑगस्ट २०१३ मध्ये नवा आला आणि तो आजतागायत चालू आहे.

पण मला त्यांचा डिसेंबर २०२१ चा प्रसंग जास्त आवडतो. नवा भाग निघाला आणि गर्दी अशी उसळली की आत शिरायला तासन्‌तास रांग, आणि रांगेतूनच 'एरर २००२' म्हणून धक्का मारून बाहेर. अशा वेळी खिडकीची नेहमीची भाषा असते, 'आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत.' योशिदांनी काय लिहिलं? रांगेत एका वेळी सतरा हजार माणसंच मावतात, त्यापलीकडे गेली तर सगळंच कोसळेल, म्हणून हा एरर. नवे सर्व्हर का नाही आणत? जगात चिपांचा तुटवडा आहे, मिळत नाहीत. मग त्यांनी खेळाडूंना फुकट दिवस वाढवून दिले, आणि सर्वांत मोठं म्हणजे गेमची विक्रीच काही आठवडे बंद ठेवली. जागा नाही तर तिकीट विकायचं नाही! आमच्याकडच्या एस.टी.त चौथ्या सीटवर बसून प्रवास केलेल्या माणसाला हे वाचून गहिवरून येतं. लोक रांगेत उभेच होते. पण आपण कशासाठी उभे आहोत हे त्यांना कळलं होतं. कळलं की पाय अर्धे दुखतात.

आणि हे मोठ्यांनाच परवडतं असंही नाही. प्रागची वूब ही छोटी कंपनी 'फॅक्टोरिओ' नावाचा कारखाने बांधण्याचा गेम करते. २०१३ पासून त्यांनी शुक्रवारी एक टिपण लिहायचा नेम धरला. या आठवड्यात आगगाडीचं वळण का जमलं नाही, इथपर्यंत सगळं त्यात. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी गेमची किंमत तीस डॉलरवरून पस्तीस केली, तर आधी सांगून, महागाईचं कारण देऊन. सूट कधीच देत नाहीत, हेही सरळ सांगतात. भाव वाढवूनही अब्रू राखणारा वाणी मी दुसरा पाहिलेला नाही.

उलट, ठरवलं कोणी हेच कळलं नाही की काय होतं ते मे २०२४ मध्ये दिसलं. 'हेलडायव्हर्स २' हा गेम चांगला चालला होता. मध्येच फतवा निघाला, की कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी सोनीचं खातं जोडलंच पाहिजे. पुष्कळ देशांत असलं खातं उघडायचीच सोय नाही, आणि गेम तर तिथंही विकलेला! दोन लाखांहून अधिक वाईट मतं पडली, ती पडली स्वीडनमधल्या गेम करणाऱ्यांच्या नावावर. फतवा होता तो प्रकाशक असलेल्या सोनीचा. तीन दिवसांत सोनीनं तो मागं घेतला.

म्हणून माझ्या मागण्या थोडक्यात मांडतो. मोर्चा काढण्याइतकी माणसं माझ्याजवळ नाहीत. खिडकीत बसणाऱ्याला सकाळच्या बैठकीत खुर्ची द्या, म्हणजे त्याला निदान काय दडवायचंय ते तरी कळेल. जे झालं नाही ते झालं नाही म्हणा. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या, न विचारलेल्याचं नको. निर्णय कोणाचा, हे त्याच्या नावासकट सांगा. 'नाही' म्हणायचं असेल तर 'नाही' म्हणा. नकारानं माणूस दोन दिवस रुसतो, 'विचाराधीन' ह्या शब्दानं तो दोन वर्षं कुजतो. आणि खेळाडूंनीही टीका आमटीवर करावी, वाढप्यावर नको.

ह्यासाठी परदेशातून तज्ज्ञ आणायचीही जरूर नाही. ही विद्या ज्या शहरात शिगेला पोचली, त्याच पुण्यात आता गेमही तयार होतात. नॉडिंग हेड्स गेम्सनं तिथंच 'राजी' घडवला. २०१७ साली त्यासाठी लोकांकडे निधी मागितला, तो पुरा जमला नाही. तरी गडी नेटानं लागले आणि २०२० साली तो गेम जगापुढं ठेवला. ह्या मंडळींना माझी सूचना एवढीच, की खेळाडूंशी बोलायची वेळ येईल तेव्हा अमेरिकन निवेदनांची नक्कल करू नका. खाली पेठेत उतरा आणि दुकानांवरच्या पाट्या वाचा. 'दुपारी १ ते ४ दुकान बंद.' 'सुटे पैसे मिळणार नाहीत.' 'आमची कोठेही शाखा नाही.' पुणेरी पाटीला जगानं उद्धट म्हणून नावं ठेवली, पण तिनं कधी कोणाला फसवलेलं नाही. तिच्यात आश्वासन नाही, अभिमान नि समाधानाचं प्रवचन नाही, आणि अभिप्राय पुढं पोचवल्याचा निरोपही नाही. आहे ते आहे, नाही ते नाही. माणूस ती वाचतो, चरफडतो आणि चार वाजता पुन्हा येतो.

तो चार वाजता पुन्हा येतो, एवढ्यासाठीच तर हा सगळा धंदा चाललाय!